तीन बोटं निळं

चिप्लेटीच्या देवीच्या कोटात दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, नवमीला रेडा पडतो, तो ज्या खुकुरीने, ती रसाईली लोहारांच्या घरातून जाते. कधीपासून, याची नोंद नाही. बिर्खबहादूर रसाईलीच्या आजोबांनी केलेली एक खुकुरी कोटातल्या देवळाच्या भिंतीवर अजून टांगलेली आहे. तिच्या आधीच्या दोन गंजून मुठीपुरत्या उरल्या आहेत. डोंगरातल्या भोजपूर बाजारातून दीड तास खाली उतरलं की हे गाव लागतं. लोहारांची घरं सहा. त्यातल्या एकाच घरात ऐरण वाजते. बाकीच्या घरांतले पुरुष कतारमध्ये नाहीतर मलेशियात.

घाव एकच घालायचा. दुसरा घालावा लागला तर गावाचं वर्ष वाईट जातं असं मानतात, आणि त्याचं खापर मारणाऱ्याच्या हातावर फुटत नाही, लोहाराच्या घरावर फुटतं. नदीपलीकडच्या एका गावात असं एकदा झालं होतं. तिथल्या लोहाराच्या नातवाला आजही लोक 'दोन घाववाल्यांचा' म्हणूनच ओळखतात. त्या घराकडून कोणी विळासुद्धा घेत नाही.

बिर्खबहादूर घरातला तिसरा मुलगा, म्हणून गाव त्याला साइँला म्हणे. वय बावन्न. ट्रकच्या कमानीचे पाटे तोडून, तापवून, ठोकून तो पातं घडवायचा. मग धारेला पाणी पाजायचा. पातं लाल असताना चहाच्या किटलीच्या तोटीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडायची. पाठ तशीच ठेवायची. धार कडक होते, पाठ चिवट राहते. या कामात त्याचा हात त्याच्या बापापेक्षा चांगला आहे, असं बापाला पाहिलेले लोक सांगत.

पाण्यानंतरचं काम चाकावर. लाकडी आसावर दगडी चाक, आसाला दोन वेढे दिलेली चामड्याची वादी, आणि वादीची दोन टोकं सेतमायाच्या दोन हातांत. एक टोक ओढलं की चाक इकडे फिरायचं, दुसरं ओढलं की तिकडे. सेतमाया ही साइँलाची बायको. सव्वीस वर्षं तिने ती वादी ओढली. गेल्या माघात तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. धरानच्या डॉक्टरने फोटो काढला, व्यायाम दिला आणि सांगितलं की ओढण्याचं काम बंद.

"वर्षभर बंद की कायमचं?" साइँलाने विचारलं.

"खांदा तिचा आहे," डॉक्टर म्हणाला. "तिलाच विचारा."

सेतमायाने परतीच्या जीपमध्ये सांगितलं, "कायमचं. मला केस विंचरता येत नाहीत, बुढा. तुझं चाक कुठून ओढू?"

धरानमध्ये पट्ट्याचं ग्राइंडर मिळत होतं. सहा फुटी पट्टा, तीन चाकं, मोटर. नव्वद हजार. साइँला दुकानात उभा राहून ते दहा मिनिटं बघत होता. कुठे काय जोडलंय ते त्याने डोक्यात घेतलं आणि किमतीबद्दल काही न बोलता बाहेर आला.

भोजपूर बाजारात मुमताज मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. मुमताज तराईतला, वीस वर्षांपूर्वी डोंगरात आला तो इथलाच झाला, साइँलाला इथल्यासारखं दाइ, म्हणजे दादा, म्हणू लागला. त्याने मोबाइलवर एका गोऱ्या माणसाची चित्रफीत दाखवायला सुरुवात केली. गोरा आपल्या गॅरेजमध्ये असंच ग्राइंडर बनवत होता.

"दाइ, हा काय म्हणतो माहितीय? 'घरात पडलेली एखादी मोटर घ्या.' आपल्या घरात काय पडलेलं असतं? दोन बोकड आणि एक म्हातारी."

"म्हातारीला जोडता येत असेल तर बघ."

"माझी सासू जोडली तर पट्टा तुटेल, पण ती थांबणार नाही."

मोटर शेवटी पाणीयोजनेच्या पंपाची मिळाली. एकदा जळलेली, पुन्हा तार गुंडाळलेली, अडीच हजारांची. मुमताजने तिची पाटी फडक्याने पुसली आणि आकडा वाचला.

"दाइ, ही मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे मारणारी आहे. तुला चौदाशेची पाहिजे. ही तुझ्या कामाला फार पळेल."

"चौदाशेची केवढ्याला?"

"दुप्पट. आणि बिराटनगरहून आणावी लागेल."

"जास्त पळाली तर काम लवकर होईल ना?"

मुमताज हसला. "तू म्हणशील तसं. मी वेल्डिंगवाला. धारेचं तुला कळतं."

सांगाडा लोखंडी अँगलचा. मागचं, मोटरवर बसणारं चाक सहा इंची, सालाच्या लाकडाचं, सुताराकडून गोल करून घेतलेलं, वर मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. पुढची दोन चाकं पाइपच्या तुकड्यांची, आत मोटरसायकलची बेअरिंग. ताण ठेवायला मोटरसायकलच्याच स्टँडची स्प्रिंग. पातं टेकवायला मागे सपाट पाट्याचा तुकडा. एमरीचे, म्हणजे घासकागदाचे, पट्टे बिराटनगरच्या प्लायवूड कारखान्यातून वापरून टाकलेल्या रुंद पट्ट्यांतून कापून, सांधून आणले.

चार दिवस पट्टा जागेवर थांबेना. मोटर सुरू केली की डावीकडे सरकत सरकत खाली पडायचा. त्यांनी चाकं सरळ केली, सांगाडा पुन्हा तोडून जोडला, एकमेकांना शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी मुमताजने वरच्या चाकाच्या बरोबर मध्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. चाक मध्ये केसभर फुगलं आणि पट्टा त्या फुगीवर येऊन असा बसला, जसा तिथे जन्मला होता.

"एवढंच होतं?" साइँला म्हणाला.

"एवढंच होतं. चार दिवस तू मला गाढव म्हणालास, त्याचा चहा पाज."

सगळं मिळून साडेअकरा हजारांत बसलं.

श्रावणात यंत्र चालू झालं. पहिल्याच आठवड्यात एक पट्टा सांध्यातून तुटला आणि त्याच्या टोकाने साइँलाच्या दोन बोटांच्या पेरांवरची कातडी नेली. पट्ट्याच्या पाठीवर बाण असतो, तो बाण पळण्याच्या दिशेने हवा; त्याने उलटा चढवला होता. मुमताजने त्याला वेल्डिंगचे जाड चामडी हातमोजे दिले. साइँलाने ते घातले आणि मग कधी काढले नाहीत.

सहा दिवसांचं घासकाम एका दिवसात होऊ लागलं. सेतमाया दारात बसून सोयाबीन निवडायची आणि ठिणग्या बघायची. कामाचा क्रम साइँलाने बदलला नाही. आधी घडवणं, मग पाणी, मग घासणं. बाप असंच करायचा, आजा असंच करायचा. चाक तेव्हा मिनिटाला फार तर शंभरदा इकडून तिकडे व्हायचं, आणि दगडावर पाणी ठिबकत असायचं. आता पट्टा सेकंदाला बावीस मीटर पळत होता, कोरडा. हा हिशेब साइँलाने केला नव्हता. करायचं कोणी त्याला सांगितलंही नव्हतं.

दशैंसाठी त्याने बारा घरगुती खुकुऱ्या केल्या आणि कोटाची एक. कोटाची खुकुरी मोठी. पातंच दीड हात. तिचं पोट, म्हणजे जिथे पातं सगळ्यात रुंद होतं आणि घाव बसतो ती जागा, घासताना त्याला जास्त वेळ लागला. तिथे पोलाद जाड होतं. तो दाबून धरत होता.

सेतमाया उठून जवळ आली. "हे निळं काय?"

पोटाच्या धारेवर तीन बोटं लांबीचा निळा पट्टा उमटला होता. मोराच्या मानेसारखा, कडेला पिवळसर.

साइँलाने यंत्र बंद केलं. तो बराच वेळ त्या रंगाकडे बघत राहिला. भट्टीतले सगळे रंग त्याला पाठ होते. पण भट्टीतला रंग पाण्याच्या आधीचा. पाण्यानंतर, चाकावर, त्याच्या घरात कधी कोणी रंग पाहिला नव्हता.

"यंत्राचा रंग आहे," तो म्हणाला. "घासला की जातो."

बारीक दाण्याचा पट्टा चढवून त्याने तो घासला. गेला. पातं आरशासारखं झालं.

तयार खुकुरी वाळलेल्या शिंगावर मारून बघतात. धार मोडली तर जास्त कडक, दुमडली तर मऊ. कोटाच्या खुकुरीची मात्र टोकाकडची बाजूच शिंगावर मारायची. पोटाला नवमीच्या आधी काही लागू द्यायचं नाही, ते कोरं राहिलं पाहिजे, अशी रीत. साइँलाने टोकाकडून तीन घाव घातले. धार जशीच्या तशी. फूलपातीच्या, म्हणजे सप्तमीच्या, सकाळी तो ती घेऊन कोटात गेला.

कोट म्हणजे जुन्या गढीच्या जागेवरचं देवीचं ठाणं. कमरेइतक्या उंच दगडी भिंतीचं आवार. भिंतीच्या आत लोहार जात नाहीत. कायद्याने जाऊ शकतात, जात नाहीत. साइँलाने भिंतीवर केळीचं पान ठेवलं, पानावर खुकुरी ठेवली. आतून सुबेदार पहलमान राईने ती उचलली. लोहाराचा हात लागलेला म्हणून पुजाऱ्याने तिच्यावर सोनपाणी, सोनं बुडवलेलं शुद्धीचं पाणी, शिंपडलं, टिका लावला. तिथून दशमीपर्यंत लोहाराचा हात तिला लागायचा नाही.

पहलमान राई भारतीय पलटणीतून निवृत्त झालेला, सदुसष्ट वर्षांचा. गेली एकोणीस वर्षं घाव तोच घालत होता. त्याने पातं उन्हात धरून बघितलं.

"साइँला, यात माझं तोंड दिसतंय रे."

"मग वाईट झालीय म्हणायची, सुबेदार साहेब."

सुबेदार हसला. कोट समितीचा सचिव डिल्लीराज कार्की मागे उभा होता. तो म्हणाला, "यंत्रावर केलीय म्हणतात ना? धरानला आता अशा तयारच मिळतात. बरं आहे, आपल्या लोहाराचीही प्रगती झाली."

अष्टमीला दुपारी शेजारचा आइतमान राई आला. बारांतली एक खुकुरी त्याने घेतली होती. सकाळी त्याने बोकड कापला होता. ती खुकुरी त्याने साइँलाच्या ऐरणीवर आपटली.

"बघ. तंगडीचं हाड होतं, डोंगर नव्हता. बायको म्हणते, चमचा आणला असतास तरी चाललं असतं."

धार दोन बोटं दुमडली होती. मोडली नव्हती, कथलाच्या पत्र्यासारखी एका बाजूला वळली होती.

 साइँलाने कानस घेतली आणि धारेवर आडवी फिरवली. कडक पोलादावर कानस घसरते, काचेवरून नखं जावीत तशी वाजते. मऊ पोलादात ती रुतते. दुमडलेल्या जागी कानस रुतली. दोन बोटं पुढे ती पुन्हा घसरली. घरात न विकलेल्या तीन खुकुऱ्या होत्या. त्याने तिन्हींवर कानस फिरवली. दोन चांगल्या निघाल्या. तिसरीत पोटाशी एका बोटभर कानस रुतली.

"दुसरी घेऊन जा," त्याने आइतमानला चांगल्यांतली एक दिली.

"आणि ही?"

"ही इथेच राहू दे. चूक माझी."

आइतमान दोन पावलं गेला आणि परत वळला. "साइँला, कोटाचीही त्याच यंत्रावर केलीस ना?"

साइँला कानस पुसू लागला. आइतमानने तेच उत्तर समजून घेतलं आणि निघून गेला.

सेतमाया चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "निळं काय म्हणून विचारलं होतं."

"हो."

"रंग गेला म्हणजे झालं, असं तू म्हणालास."

"रंग गेला. पट्ट्याच्या तापाने धारेचं पाणीही तेव्हाच उतरलं होतं, ती मऊ पडली होती. मी फक्त खूण पुसली." तो ऐरणीच्या ठोकळ्यावर बसला. "हातात मोजे होते, सेते. उघड्या हाताने धरलं असतं तर चटका बसून मीच सोडलं असतं."

"आता?"

"आता ती टिका लावून कोटात बसलीय."

 न सांगितलं तर कोणाला कळणार नव्हतं, निदान उद्या नऊ वाजेपर्यंत. कदाचित नंतरही नाही. रेड्याची मान आणि बोकडाचं हाड यांत फरक असतो, वजन असतं, सुबेदाराचा हात असतो. सांगितलं तर आजच कळणार होतं. आणि खुकुरी बदलण्याची सोय नव्हती. टिका लावलेली एकच, आणि भिंतीवरच्या जुन्या पुन्हा उतरवत नाहीत.

"तुझ्या बापाने काय केलं असतं?" सेतमायाने विचारलं.

"बापाकडे हे यंत्र नव्हतं."

"मग मला विचार. सव्वीस वर्षं ओढलंय मी. त्या 'दोन घाववाल्यांच्या' नातवासारखी आपल्या नातीला कोणी हाक मारलेली मला चालणार नाही. जा."

त्याने कानस फडक्यात गुंडाळली आणि तो चढ चढून गेला.

सुबेदार कोटाच्या आवारात दाव्याला पीळ देत बसला होता. पुजारी जेवायला गेला होता. साइँला भिंतीबाहेर उभा राहिला आणि सगळं सरळ सांगितलं. मोटरचे फेरे, हातमोजे, निळा पट्टा, आइतमानचं हाड.  संपल्यावर सुबेदाराने विचारलं, "नक्की आहे?"

"पाहिल्याशिवाय नक्की नाही. मला हात लावता येत नाही. तुम्ही बघा, मी सांगतो." त्याने कानस भिंतीवर ठेवली. "मुठीकडून सुरू करा. आडवी धरा. दाबू नका. मिशीवर कंगवा फिरवता तशी."

"चार केसांची मिशी माझी. कंगवा कशाला लागतो?"

"मग बोट फिरवता तशी."

पोट कोरं ठेवण्याची रीत बाजूला ठेवून सुबेदाराने पातं मांडीवर घेतलं. कानस मुठीकडून निघाली. साइँलाने डोळे मिटले. चर्र, चर्र, चर्र. कानस घसरत होती. आवाज बारीक, उंच. पाणी नीट बसलेलं होतं. मग पोट आलं आणि आवाज खाली पडला. खस.

"थांबा. पुन्हा."

खस.

"पुढे."

खस. खस. चर्र.

"किती झालं?"

सुबेदाराने बोटं लावून मोजलं. "तीन बोटं. बरोबर मध्ये." त्याने कानस खाली ठेवली. "साइँला, घाव तिथेच पडतो."

"माहीत आहे."

"दुमडेल?"

"कातडी कापेल, मांस कापेल. मणक्यावर दुमडेल."

"पुन्हा पाणी पाजता येईल?"

"एका तासाचं काम आहे. पण भट्टी खाली आहे. तुम्ही घेऊन चला. तुम्हीच तापवा, तुम्हीच किटली धरा. मी लांब उभा राहून रंग सांगेन."

सुबेदार खरंच विचार करू लागला होता. तेवढ्यात देवळामागून डिल्लीराज कार्की आला. तो किती वेळ तिथे होता ते कळलं नाही, पण त्याने पुरेसं ऐकलं होतं.

"खुकुरी आवाराबाहेर जाणार नाही," तो म्हणाला. "टिका लागलाय. आणि काय रे साइँला, फूलपातीला बोलला नाहीस? मोबाइलवर बघून देवीचं हत्यार करतात का?"

"मोबाइलची चूक नाही. माझी आहे."

"ते तर आहेच. पण भोगायचं गावाने."

"कार्की," सुबेदार म्हणाला, "ओरडून धार कडक होत नाही. साइँला, पुढची बाजू कशी आहे? टोकाकडची?"

"पक्की. शिंगावर तीन घाव घातलेत."

"म्हणजे मी चार बोटं पुढच्या धारेने मारलं तर?"

साइँलाने हिशेब केला. "तर चार बोटं मागे उभं राहावं लागेल."

आवाराच्या मध्ये खुंटा आहे, आणि खुंट्यापाशी एक सपाट दगड. एकोणीस वर्षं सुबेदाराचा डावा पाय त्याच दगडावर पडत आला होता. त्याच्या आधीच्या माणसाचाही. सुबेदार उठला, दगडावर उभा राहिला, मग चार बोटं मागे सरकला. टाच मातीत आली. त्याने रिकामा हात वर नेऊन खाली आणला. पुन्हा एकदा. पुन्हा.

"पाय विसरेल," तो स्वतःशी म्हणाला. मग साइँलाकडे वळला. "मऊ भाग कुठे संपतो तिथे खूण पाहिजे. पाठीवर."

"लाल दोरा चिकटवा. बांधलात तर धारेवर तुटेल."

सुबेदाराने पूजेच्या ताटातला दोरा घेतला आणि साइँलाने सांगितलं तिथे पात्याच्या पाठीवर मेणाने चिकटवला.

नवमीला सकाळी हत्यारांची पूजा असते. सेतमायाने ऐरणीला, हातोड्यांना, भात्याला टिका लावला. मग यंत्रापाशी थांबली.

"याला लावू?"

"लाव," साइँला म्हणाला. "त्याने काय केलंय?"

तिने डाव्या हाताने मोटरवर टिका लावला.

नऊ वाजता साइँला भिंतीबाहेर त्याच्या नेहमीच्या जागी होता. नेहमी आजूबाजूला पाचदहा जण असत, विनोद करत. आज दोन हात जागा मोकळी होती. आइतमान पलीकडे उभा होता. त्याने एकदा बघितलं आणि मान वळवली. आत ढोल वाजत होते. गर्दीमुळे साइँलाला सुबेदाराची फक्त पाठ दिसत होती. पाय दिसत नव्हते. दगडावर होते की मागे, ते दिसत नव्हतं.

ढोल थांबले. हात वर गेला.

आवाज एकच आला. मग लोकांचा आवाज आला आणि ढोल पुन्हा सुरू झाले. कोणीतरी साइँलाच्या खांद्यावर थाप मारली. 

दशमीला, टिक्याच्या दिवशी, डिल्लीराज कार्कीचा माणूस निरोप घेऊन आला. देवीच्या कृपेने नवमी निर्विघ्न पार पडली. पुढच्या वर्षीपासून कोटाची खुकुरी समिती धरानहून मागवेल. साइँलाने निरोप उभ्यानेच ऐकला आणि निरोप्याला चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर निरोप्याने कप खाली ठेवला आणि सवयीने स्वतःच्या अंगावर सोनपाणी शिंपडल्यासारखी बोटं झटकली.

द्वादशीला सुबेदार स्वतः उतरून आला. काखेत फडक्यात गुंडाळलेली खुकुरी. दशमीनंतर ती मारणाऱ्याची होते, कोटात टांगायची की घरी न्यायची ते तो ठरवतो. त्याने ती साइँलाच्या हातात दिली.

साइँलाने फडकं सोडलं. दोरा अजून होता. दोऱ्याच्या पुढे धार स्वच्छ. दोऱ्याच्या मागे एक बोटभर धार वळलेली होती.

"पाय एक बोट विसरला," सुबेदार म्हणाला. "बाकीचं तुझ्या चांगल्या धारेने निभावलं. मी कोणाला दाखवली नाही. पुसली, गुंडाळली."

साइँला त्या बोटभर वळलेल्या धारेवर अंगठा फिरवत होता. "समितीचा निरोप आला होता."

"माहीत आहे. मी बैठकीत होतो."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? बोलायचं ते तूच भिंतीपाशी बोलून आलास." सुबेदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "तू गप्प बसला असतास तर मी दगडावर उभा राहिलो असतो. हे मला कळतं. कार्कीलाही कळतं. पण त्याला आता कारण मिळालंय, आणि बैठकीतल्या सात जणांत मी एकटा होतो. एकट्याने काय होतं?"

"एकट्याने बोलता येतं," चुलीपाशी बसलेली सेतमाया म्हणाली.

सुबेदाराने तिच्याकडे बघितलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. उठताना म्हणाला, "ही आता माझी आहे, कोटाची नाही. नीट करून दे. घाई नाही."

पुढच्या आठवड्यात साइँला बाजारात गेला. मुमताजने मोटरवरचं सहा इंची चाक काढून तीन इंची बसवलं. पट्ट्याचा वेग निम्मा झाला.

"मी सांगितलं होतं, दाइ," मुमताज म्हणाला.

"सगळ्यांनीच सांगितलं होतं," साइँला म्हणाला. "हातमोजे परत घे तुझे."

कानस न फिरलेल्या आठ खुकुऱ्या अजून लोकांच्या घरी होत्या. सेतमाया दोन दिवस घरोघर जाऊन त्या मागत फिरली. पाच परत आल्या. तीन घरांनी सांगितलं की आमची चांगली आहे. त्यांतल्या एका घराने दारातूनच सांगितलं.

सुबेदाराच्या खुकुरीला त्याने पुन्हा तापवून ठोकलं. या वेळी घासण्याचं काम आधी केलं, पाण्याच्या आधी, आणि धार चिंचोक्याएवढी जाड ठेवून थांबला. मग भट्टी, मग किटली. मग शेवटचं घासणं, उघड्या हाताने, शेजारी पाण्याची बादली ठेवून. यंत्र सुरू झालं तेव्हा सेतमाया बादलीपाशी येऊन बसली. वादी ओढताना तिला दिसायचं ते चाक नव्हे, पातं. कधी थांबायचं ते तिच्या खांद्याला कळायचं.

पातं पट्ट्यावर टेकलं, मुठीकडून टोकाकडे गेलं.

"बुडव," ती म्हणाली.

त्याने बुडवलं. काढलं. पोलाद कोमट होतं, चटका नव्हता. पुन्हा टेकवलं.

"बुडव."

पुन्हा.

"बुडव. अजून लवकर, बुढा. मी सांगायची वाट बघू नकोस."